मिलोस बेट कसं पाहावं: आधी वारा, मग दगड, मग समुद्र

ग्रीसच्या मिलोस बेटावर रोज सकाळी बाहेर पडण्याआधी एकच गोष्ट विचारून घ्यायची: आज वारा कुठून आहे? आम्ही ज्या आजींच्या घरी उतरलो होतो, त्या दोरीवरच्या कपड्यांकडे नजर टाकून सांगायच्या, ‘वोरियास’, म्हणजे उत्तरेचा. ते ऐकलं की आम्ही बहिणी पिशवी उचलून दक्षिणेचा किनारा गाठायचो. कधी त्या ‘नोतियास’ म्हणायच्या. मग तो दिवस उत्तरेच्या किनाऱ्यांचा.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा कोरडा उत्तरेचा वारा सलग कितीतरी दिवस वाहतो. आकाश स्वच्छ असतं, ऊन लख्ख असतं, पण उत्तरेच्या खडकांवर लाटा अशा आपटतात की पाण्यात उतरणं धोक्याचं होतं. त्याच वेळी बेटाच्या दुसऱ्या अंगाला, डोंगराच्या आडोशाला, पाणी निवांत असतं. हा वारा बहुतेकदा दिवस चढेल तसा वाढतो, म्हणून उत्तरेला जायचंच असेल तर पहाटे निघावं. ज्यांनी घरूनच ‘सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक’ अशी पक्की यादी केलेली असते, त्यांचे निम्मे किनारे चुकीच्या दिवशी येतात. मुक्काम किमान चार रात्रींचा ठेवा आणि दिवसांचा क्रम मोकळा सोडा.

मे महिन्याचा शेवट ते जून, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ. जूनमध्ये टेकड्यांवर थाइमची फुलं असतात, सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापून ऊबदार झालेला असतो. ऑगस्टमध्ये खोल्या महाग, बोटी भरलेल्या आणि वारा जोरात. शक्य असेल तर तो महिना टाळा.

पोहोचायचं कसं

मिलोस हे सिक्लादेस द्वीपसमूहाच्या नैर्ऋत्य टोकाचं बेट. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून वेगवान बोट साधारण तीन तासांत पोहोचवते, साधी मोठी बोट पाच ते सात तास घेते. अथेन्सहून छोटी पंख्याची विमानंही येतात, त्यांना पाऊण तास लागतो. वेळ हाताशी असेल तर मी साधीच बोट सुचवेन. वेगवान बोटीत काचेआड बसून राहावं लागतं, साध्या बोटीच्या डेकवर उभं राहून वाटेतली बेटं बघता येतात. शिवाय मिलोसची खरी ओळख होते ती समुद्रातून आत शिरताना.

बेटाचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे आणि त्याचं तोंड वायव्येला उघडतं. बोट त्या तोंडातून आत शिरते तेव्हा डेकच्या डाव्या कठड्याशी उभं राहा. वर डोंगरमाथ्यावर प्लाका हे मुख्य गाव दिसेल, खाली पाण्याला टेकलेली क्लिमा गावाची रंगीत दारं. उजवीकडे जवळजवळ निर्मनुष्य पश्चिम मिलोस, त्यात ७०० मीटरहून उंच असलेला प्रोफितिस इलियास. आखाताच्या आतल्या टोकाला अदामास हे बंदर. भूमध्य समुद्रातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांत याची गणना होते, आणि इतिहासात या बेटाच्या वाट्याला जे आलं, चांगलं आणि वाईटही, त्यातलं बरंचसं या आसऱ्याच्या पाण्यामुळे आलं.

राहायला अदामास सोयीचं: बस इथून सुटतात, बोटी इथून निघतात, दुकानं इथंच. शांतता हवी तर ईशान्येचं पोलोनिया. सूर्यास्त आणि गल्ल्या हव्या असतील तर प्लाका किंवा शेजारचं त्रिपिती. गाडी भाड्यानं घेणार असाल तर मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परमिट घरूनच काढून आणा. आणि करार नीट वाचा: पश्चिमेकडच्या कच्च्या रस्त्यांवर गाडी नेण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते, तिकडे बिघाड झाला तर विमा लागू होत नाही. गाडी नको असेल तर बस प्लाका, पोलोनिया, साराकिनिको, पालिओखोरी अशा मुख्य ठिकाणी जातात. हंगामाबाहेर फेऱ्या फार कमी होतात, तेव्हा परतीची वेळ थांब्यावर बघून ठेवूनच किनाऱ्यावर उतरा.

दगड ओळखा, मग बेट उलगडतं

मी आयुष्यभर भूविज्ञान शिकवलं, त्यामुळे माझा ओढा दगडांकडे असणार हे उघड आहे. पण मिलोसवर तो ओढा प्रत्येकानं दोन दिवसांपुरता तरी स्वीकारावा असं मला मनापासून वाटतं. इथले किनारे, इथला इतिहास, इथल्या लोकांची रोजीरोटी, इथली दफनं, सगळं एका ज्वालामुखीच्या प्रदेशातून आलं आहे.

आफ्रिकेकडचं भूपट्ट एजियन पट्टाखाली सरकतं आहे. त्यातून मेथाना, मिलोस, सांतोरिनी, निसिरोस अशी ज्वालामुखींची एक कमान तयार झाली. सांतोरिनी एका प्रचंड स्फोटासाठी प्रसिद्ध आहे. मिलोसचं बांधकाम मात्र लाखो वर्षं, तुकड्यातुकड्यानं चाललं, त्यातलं बरंचसं समुद्राखाली. म्हणून इथे एका किनाऱ्यावर पांढरी राख, दुसऱ्यावर लाल-पिवळे कडे, तिसऱ्यावर काळी काच असं वैविध्य मिळतं. जमिनीखालची ऊब अजून गेलेली नाही. गरम पाणी आणि वाफ खडकात मुरत राहिली आणि त्यांनी खडकाचं रूपच बदलून टाकलं: कुठे केओलिन ही पांढरी माती, कुठे बेंटोनाइट ही पाण्यानं फुगणारी माती, कुठे गंधक, कुठे तुरटी. रोमन लेखक प्लिनीनं मिलोसच्या तुरटीची नोंद केली आहे. आज बेंटोनाइटच्या आणि परलाइट या ज्वालामुखी काचेच्या मोठ्या खाणी चालू आहेत. बेटाच्या पूर्वेला फिरताना टेकडीच्या पायऱ्या पायऱ्या कापलेल्या दिसल्या की त्या खाणी समजाव्यात.

पहिल्याच दिवशी अदामासच्या खाणकाम संग्रहालयात तासभर घालवा. छोटंसं आहे. खनिजांचे नमुने, खाणकामगारांची हत्यारं, जुने फोटो. तिथून बाहेर पडल्यावर कड्यांमधले रंग नुसते सुंदर दिसत नाहीत, ते कशानं आले हेही कळू लागतं.

उत्तर किनारा: साराकिनिको ते फिलाकोपी

साराकिनिको सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं. ज्वालामुखीची राख आणि प्युमिस (हलका, छिद्रांचा ज्वालामुखी दगड) समुद्रात बसून घट्ट झाली, वर आली, आणि वारा-लाटांनी तिला घासून गोलवा दिला. झाड नाही, झुडूप नाही, सावली नाही. दुपारी त्या पांढऱ्यावरून उसळलेलं ऊन डोळ्यांना आणि त्वचेला दोन्हीकडून भाजतं. त्यामुळे सकाळी सातच्या आसपास पोहोचा, गडद चष्मा, टोपी आणि प्रत्येकी मोठी पाण्याची बाटली न विसरता. चिंचोळ्या खाडीत पोहायला उतरता येतं, वारा नसेल तरच. बाजूला खडकात खोदलेले जुने खाणीचे बोगदे आहेत. कड्यावरून उडी मारणारी तरुण मंडळी दिसतील. पाण्याची खोली माहीत नसताना त्यांची नक्कल करू नका.

या खडकाबद्दल एक विनंती. तो इतका मऊ आहे की नखानंही ओरखडा उठतो. लोक नावं कोरतात आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहतात. २०२५च्या सुरुवातीला या किनाऱ्याजवळ हॉटेलसाठी खोदकाम सुरू झालं तेव्हा बेटावरच्या आणि बाहेरच्या लोकांनी आवाज उठवला आणि सरकारला ते काम थांबवावं लागलं. ज्या जागेसाठी लोक असे उभे राहतात, तिथे आपण निदान चपलेनं कडा तोडू नयेत.

तिथून पश्चिमेला मांद्राकिया आणि फिरोपोतामोस ही कोळ्यांची छोटी वसतिस्थानं. पूर्वेला पापाफ्रागास: उभ्या कड्यांमध्ये शिरलेली समुद्राची अरुंद पट्टी. ती वरूनच बघा. कडे ढासळतात, खाली उतरण्याचा मोह आवरा. पोलोनियाच्या समोरच्या समुद्रात ग्लारोनिसिया नावाचे खडक आहेत, लाव्हा थंड होताना तडकून तयार झालेले षटकोनी खांब. जवळून बघायचे तर बोटच हवी.

पापाफ्रागासच्या शेजारी रस्त्याकडेला एक कुंपण दिसतं, आत पडक्या भिंती. बहुतेक गाड्या तिथून सरळ निघून जातात. ते फिलाकोपी आहे, एजियन जगातल्या कांस्ययुगीन नगरांपैकी एक अत्यंत महत्त्वाचं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी १८९६ ते १८९९ या काळात इथे खोदकाम केलं. एकावर एक वसलेली नगरं मिळाली. भिंतीवर रंगवलेले उडणारे मासे मिळाले, पुढच्या खोदकामात लिनियर ए या प्राचीन क्रीटच्या लिपीतला मजकूर असलेल्या मातीच्या पाटीचा तुकडा मिळाला. नगराचा काही भाग समुद्रानं गिळला आहे, तटबंदीच्या टोकाशी गेलं की हे स्पष्ट दिसतं. मी तिथे दुपारभर एकटी होते आणि मला ती दुपार कुठल्याही किनाऱ्यापेक्षा जास्त लक्षात आहे.

इथे लोक का वसले? काळ्या काचेसाठी. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीतून आलेली नैसर्गिक काच. बेटावर ‘स्ता निखिया’ आणि ‘देमेनेगाकी’ ही तिची दोन मुख्य ठिकाणं. तिचा कपचा काढला की पात्याला येणारी धार अजोड असते, आणि धातू येण्याआधी तिला पर्याय नव्हता. ग्रीसच्या मुख्य भूमीवर, आर्गोलिदातल्या फ्रांख्थी गुहेत, मिलोसच्या या काचेचे तुकडे सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या थरांत सापडले. समुद्राची पातळी तेव्हा बरीच खाली होती, तरीही कोरड्या पायांनी मिलोसला येणं शक्य नव्हतं. म्हणजे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी माणसं नावा घेऊन, दगड आणण्यासाठी, मोकळा समुद्र ओलांडत होती. तुकडा मिलोसचाच हे कसं कळतं? प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत काही मूलद्रव्यांचं सूक्ष्म प्रमाण वेगळं असतं. १९६०च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खुणेवरून ऑब्सिडियनचे प्राचीन मार्ग शोधले. हे मी वर्गात अनेक वर्षं सांगत आले होते, आणि फिलाकोपीच्या कुंपणाबाहेरच्या मातीत काळे, चमकणारे कपचे बघताना गळा दाटून आला. ते कपचे उचलून खिशात घालायचे नाहीत. पुरातन वस्तू नेणं ग्रीसमध्ये गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावरचे दगड-गोटे नेण्यासही बंदी आहे.

त्रिपितीचा उतार: एक सकाळ, पायी

इतिहासासाठी एकच सकाळ असेल तर ती इथे घालवा. त्रिपिती गावाखालून एक वाट उतरते. तिच्यावर प्राचीन मिलोस नगराची तटबंदी, व्हीनसचा प्रसिद्ध पुतळा सापडला ती जागा, रंगमंडल आणि भूमिगत दफनगृहं असं सगळं एका उतारावर आहे. खाली पोहोचलं की क्लिमा. उतरायला सोपं, चढायला घाम काढणारं, म्हणून सकाळी लवकर.

या नगराची गोष्ट आधी माहीत हवी. मिलोसचे लोक स्वतःला स्पार्टाच्या वंशाचे मानत, पण अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धात त्यांना कुणाच्याच बाजूनं लढायचं नव्हतं. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सचं आरमार आखातात आलं: शरण या आणि खंडणी द्या, नाहीतर नाश. मिलोसच्या पुढाऱ्यांनी न्यायाची बाजू मांडली, सातशे वर्षांचं स्वातंत्र्य सोडणार नाही म्हणाले. अथेन्सच्या दूतांनी उत्तर दिलं ते बळाच्या भाषेत. इतिहासकार थ्युसिडिडीसनं हा संवाद लिहून ठेवला आणि राजकारण शिकवणाऱ्या वर्गांत तो आजही वाचला जातो. वेढा पडला, हिवाळ्यात नगर शरण आलं. हाती लागलेल्या प्रौढ पुरुषांना अथेन्सवाल्यांनी ठार मारलं, बायका-मुलांना गुलाम म्हणून विकलं, आणि नंतर आपले पाचशे लोक इथे वसवले. त्या उतारावर उभं राहून खाली आखात बघा, जहाजं कुठे नांगरली असतील ते कळतं. लपायला जागा नाही, पळायला वाट नाही. पुढे इ.स.पू. ४०५ मध्ये स्पार्टाचा सेनानी लायसँडर यानं जे वाचले होते त्यांना परत आणलं.

वाटेवर एका पाटीपाशी थांबा. ८ एप्रिल १८२० रोजी योर्गोस केंत्रोतास नावाचा शेतकरी इथे बांधकामासाठी दगड काढत होता. त्याला भिंतीच्या कोनाड्यात संगमरवरी मूर्तीचे भाग दिसले. जवळच फ्रेंच नौदलाचा अधिकारी ऑलिव्हिए वूतिए प्राचीन अवशेष शोधत होता, त्यानं शेतकऱ्याला आणखी खणायला लावलं. पुढे फ्रान्सच्या राजदूतानं ती मूर्ती मिळवली, राजा अठराव्या लुईला भेट दिली, आणि १८२१ पासून ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. जगाला ती ‘व्हीनस द मिलो’ म्हणून माहीत आहे. उंची २ मीटरहून थोडी जास्त, दगड पारोस बेटाचा, काळ इ.स.पू. दुसरं शतक. मूर्तीसोबत मिळालेल्या आणि नंतर हरवलेल्या एका तुकड्यावर मेआंदर नदीकाठच्या अँटिओकचा शिल्पकार असा लेख होता. हात का नाहीत यावर पुष्कळ कहाण्या ऐकवल्या जातात. बोटीवर घेण्यासाठी झालेल्या झटापटीत ते तुटले, ही त्यातली सर्वांत लाडकी. मूर्ती मिळाली तेव्हाच हात धडाला जोडलेले नव्हते, एवढं धरून चाला. शेतात आज एक पाटी आहे, काही दगड आहेत आणि ऑलिव्हची झाडं.

थोडं पुढे रंगमंडल, रोमन काळात संगमरवरानं नव्यानं बांधलेलं. वरच्या पायरीवर बसा, समोर अख्खं आखात. उन्हाळ्यात कधीकधी इथे कार्यक्रम होतात, प्लाकामध्ये चौकशी करून ठेवा.

दफनगृहांसाठी तिकीट काढावं लागतं आणि छोट्या गटानं, मार्गदर्शकासोबतच आत सोडतात. उघडण्याचे वार बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्या. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी पहिल्या ते पाचव्या शतकाच्या दरम्यान मऊ ज्वालामुखी खडकात हे बोगदे खोदले. एकूण लांबी सुमारे १८५ मीटर, पाहायला मिळतो त्यातला थोडाच भाग. दोन्ही बाजूंच्या भिंतीत कमानीखाली कोरलेली थडगी. इथे सुमारे दोन हजार माणसं पुरली गेली असावीत असा अंदाज आहे. साराकिनिकोला जो मऊपणा लाटांना सोयीचा झाला, तोच इथे माणसांना झाला: कठीण खडक असता तर एवढं भूमिगत काम हातानं होणं अवघड होतं.

क्लिमाला उतरताना लक्षात ठेवा, हे लोकांचं राहतं गाव आहे. खाली नावेसाठी खडकात खोदलेली खोली, वर माणसांसाठी घर, अशा या ‘सिरमाता’. हिवाळ्यात नाव आत ओढून दार लावून घेतात. दारांचे रंग निळे, तांबडे, हिरवे, पिवळे, प्रत्येक घराचा आपला. वाट अगदी पाण्याच्या काठाने, दारांसमोरून जाते. उंबऱ्यावर बसून फोटो काढण्याआधी आत कुणी आहे का ते बघा, असेल तर ‘कालिमेरा’ (सुप्रभात) म्हणा आणि विचारा. माझ्या बहिणीनं विचारलं तर एका आजोबांनी आतली नाव दाखवायला दार सताड उघडलं.

संध्याकाळी प्लाका. गाडी गावाबाहेर ठेवून गल्ल्यांतून वर कास्त्रो या जुन्या गढीपर्यंत चढा. चाचेगिरीच्या शतकांत लोक या माथ्यावर एकमेकांना चिकटून घरं बांधून राहिले. घरांच्या बाहेरच्या भिंती हीच तटबंदी. सूर्यास्ताला वर गर्दी असते. मला पानागिया कोर्फियातिसा चर्चचा सज्जा जास्त आवडला. प्लाकाचं पुरातत्त्व संग्रहालय दुपारी लवकर बंद होतं, त्यामुळे ते सकाळच्या वाटेतच उरका. ऑब्सिडियनची पाती, फिलाकोपीची मातीची ‘देवी’ आणि केंत्रोतासच्या शेतातल्या मूर्तीची प्रतिकृती तिथे आहे.

दक्षिण किनारा

उत्तरेचा वारा असताना इथे या. फिरिप्लाका हा लांब, वाळूचा, मागे लाल-पिवळे-पांढरे कडे असलेला किनारा. शेवटचा रस्ता धुळीचा आहे. कड्यांच्या अगदी पायथ्याशी, सावलीच्या आशेनं, चादर पसरू नका, दगड सुटतात. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर हाच निवडा. शेजारचं त्सिग्रादो सुंदर आहे, पण तिथे खडकाच्या चिरेतून दोर धरून आणि लाकडी शिडीवरून उतरावं लागतं. गुडघे साथ देत नसतील तर वरून बघून समाधान मानावं, किंवा फिरिप्लाकाहून कयाकनं जावं. माझी बहीण उतरली, मी वर बसून कड्यातले राखेचे थर मोजले.

पालिओखोरीला जमिनीखालची ऊब तुम्हाला स्वतः हातानं तपासता येते. वाळू थोडी खणली की बोटं भाजतात. उथळ पाण्यात तळातून बुडबुडे वर येताना दिसतात, कुठे पाणी अचानक कोमट लागतं. एका तावेर्नात, म्हणजे खानावळीत, मातीचं भांडं गरम वाळूत पुरून त्यात मांस आणि भाज्या तासन्‌तास शिजवतात. बुडबुड्यांच्या जागी वाळूवर अनवाणी उभं राहताना जपा, ते पाणी तोंडात घेऊ नका. या झऱ्यांच्या पाण्यात आर्सेनिकही असतं.

याच उष्णतेवर वीज करायचा प्रयत्न १९८०च्या दशकात झाला. एक छोटा प्रायोगिक प्रकल्प बसला, पण बाहेर पडणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडच्या वासानं लोक हैराण झाले आणि तो बंद करावा लागला. गावातल्या जुन्या माणसांना हा विषय काढला तर आजही ते तावातावानं बोलतात.

पूर्व किनाऱ्यावर थिओरिखिया, म्हणजे सोडून दिलेल्या गंधकाच्या खाणी. कच्चा रस्ता संपतो तिथे एका घळीत इमारती, वॅगनचे रूळ, गंजलेली यंत्रं, आणि खाली पिवळसर कड्यांमधला गोट्यांचा किनारा. छपरं आणि जिने कुजले आहेत, इमारतींच्या आत शिरू नका. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, एकट्यानं जाऊ नये.

पश्चिम: क्लेफ्तिको आणि एक साप

क्लेफ्तिको हे पांढऱ्या सुळक्यांचं, कमानींचं आणि गुहांचं ठिकाण. चाचे इथे जहाजं दडवत. जायला दोन मार्ग. अदामासहून निघणारी दिवसभराची बोट, वाटेत सिकियाच्या छत कोसळलेल्या गुहेत शिरते. किंवा आयोस इओआनिस सिदेरियानोस मठाच्या परिसरातून तासाभराची पायवाट. वाटेवर सावली नाही, पाणी नाही, आणि खाली पोहोचल्यावर गुहांपर्यंत पोहत जावं लागतं. बहुतेकांसाठी बोटच योग्य. बोटीची नोंदणी मुक्कामाच्या पहिल्या दिवसांत करा. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर पुढचा दिवस हाताशी राहतो.

पश्चिम मिलोस हे मिलोस व्हायपरचं घर. घोणशीच्याच कुळातला हा विषारी साप जगात फक्त मिलोस, किमोलोस, पोलिएगोस आणि सिफनोस या बेटांवर आढळतो आणि धोक्यात असलेल्या जातींत मोडतो. वसंतात आणि शरदात स्थलांतर करणारे छोटे पक्षी उतरतात, तेव्हा तो झुडपात दबा धरून बसतो. उन्हाळ्यात रात्री हिंडतो, उबदार रस्त्यावर येतो आणि गाड्यांखाली मरतो. म्हणून या भागात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, चालवावीच लागली तर अगदी हळू. पायवाटेवर बूट घाला, दगड उलटू नका, भिंतीच्या फटीत हात घालू नका. दिसला तर लांबून बघा आणि जाऊ द्या. चावलाच तर धावपळ न करता ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. बेटाचं आरोग्य केंद्र प्लाकामध्ये आहे.

पोलिएगोस हे निर्मनुष्य बेट मात्र मिलोसच्या पूर्वेला आहे. तिथल्या गुहा भूमध्य मंक सीलच्या आसऱ्याच्या. जगातल्या अत्यंत दुर्मीळ सीलपैकी हा एक. बोट तिकडे नेणार असेल तर गुहांत पोहत शिरण्याचा आग्रह धरू नका, माद्या पिल्लांना तिथेच जन्म देतात.

थोडं खाण्याबद्दल, थोडं किमोलोसबद्दल

बेकरीत सकाळी ‘पिताराकिया’ मागा, चीज भरलेल्या छोट्या तळलेल्या करंज्या. ‘लादेनिया’ म्हणजे टोमॅटो-कांदा आणि ऑलिव्ह तेल घातलेली जाड भाकर, शाकाहारी माणसाचं दुपारचं जेवण तिच्यावर सहज होतं. कलिंगडाचा गर, मध आणि तीळ घालून केलेली ‘कार्पुझोपिता’ इथली खासियत. आंबूस ताजं चीज ‘क्सिनोमिझिथ्रा’ टोमॅटोवर घालून देतात. नळाचं पाणी पिण्याची रीत नाही, बाटलीचं घ्या. लांबच्या किनाऱ्यांवर काहीच मिळत नाही, म्हणून फळं आणि पाणी सोबत हवंच. छोट्या ठिकाणी कार्ड चाललं नाही तर अडचण नको, थोडे युरो रोख ठेवा.

एक दिवस जास्तीचा असेल तर पोलोनियाहून छोट्या फेरीनं अर्ध्या तासात किमोलोस गाठा. खोरियो गावात फिरा, चालायची तयारी असेल तर छत्रीच्या आकाराचा स्कियादी खडक बघून या. वाऱ्याच्या दिवशी ही फेरीही बंद राहू शकते, त्यामुळे परतीच्या मोठ्या बोटीच्या दिवशी किमोलोस ठेवू नका.

परतताना अथेन्समध्ये अर्धा दिवस राखून राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जा. फिलाकोपीच्या भिंतीवरचे उडणारे मासे तिथे आहेत, निळे-पिवळे, पंख पसरलेले. मिलोसला सापडलेला संगमरवरी समुद्रदेव पोसायडनही तिथेच आहे, उंच, उजवा हात वर उचललेला. आधी मासे बघा. ते छोटं चित्र आहे आणि मोठ्या दालनांच्या नादात राहून जातं.